घोडबंदरच्या सतराव्या मजल्यावर ८ फुटी रीफ टँक? आधी स्लॅब बघा, मासे नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला नवीन टॉवर, सतरावा मजला, टू बीएचके, हॉलला लागून असलेली बाल्कनी आत घेतलीये आणि तिथे ८ फूट बाय ३ फूट बाय अडीच फूट अशी कस्टम रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी करायची आहे, रंगीबेरंगी कोरल (प्रवाळ) भरून. बजेट पाच लाख. गोड्या पाण्याची चार फुटी टाकी काही वर्षं व्यवस्थित सांभाळलेली आहे. आणि पाणी उरणहून कॅनमध्ये आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का, असंही विचारलंय.

मी ठाणे आणि नवी मुंबईत खाऱ्या पाण्याच्या टाक्या बांधून द्यायचं काम करतो, बरीच वर्षं करतोय, त्यामुळे सरळच सांगतो, राग मानू नका. बाल्कनीत नाही. ८ फुटी नाही. उरणचं पाणी नाही. आणि जे रंगीत कोरल तुम्ही व्हिडिओत बघितलेत त्यातले निम्मे तरी नाहीत. पण ६ फुटी टाकी तुमच्या घरात मस्त होऊ शकते आणि पाच लाखात बसू शकते, फक्त पैसे कुठे घालायचे ते उलटं करावं लागेल. लोक काचेला आणि लाइटला पैसे घालतात आणि चिल्लर (पाणी थंड ठेवणारं यंत्र), इन्व्हर्टर, प्लंबिंग यात काटकसर करतात. मी बघितलेल्या बंद पडलेल्या टाक्या बहुतेक सगळ्या काचेच्या मागच्या गोष्टींमुळे बंद पडल्यात, मासे चुकीचे घेतले म्हणून फार कमी.

आधी वजन. ८ बाय ३ बाय अडीच म्हणजे ६० घनफूट, घनफुटाला साधारण २८.३ लिटर, म्हणजे १७०० लिटर. खारं पाणी लिटरमागे किलोपेक्षा थोडं जडच. त्यात १९ एमएमची काच, म्हणजे चौरस मीटरला साडेसत्तेचाळीस किलो, ती साडेतीनशे किलोच्या घरात जाते. मग दगड, स्टँड, खालचा सम्प (मुख्य टाकीच्या खाली स्टँडमध्ये ठेवलेली दुसरी टाकी) आणि त्यातलं पाणी. सगळं मिळून अडीच टनांच्या वर. एक अल्टो साधारण साडेसातशे किलोची धरा, तीन अल्टो एकावर एक रचून तुम्ही बाल्कनीत ठेवणार आहात. राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो लाइव्ह लोड, म्हणजे माणसं आणि सामानाचं वजन धरून डिझाइन होतो, आणि तुमची टाकी तिच्या पायाखाली चौरस मीटरला हजार किलोच्या वर टाकते. आता यावर लोक लगेच म्हणतात की अहो पण लग्नात हॉलमध्ये तीस माणसं नाचतात तेव्हा काय होतं. माणसं पसरलेली असतात आणि रात्री घरी जातात. टाकी एकाच जागी दहा वर्षं बसते, आणि सततच्या वजनाखाली काँक्रीट हळूहळू वाकत जातं. बाल्कनी तर बहुतेक वेळा कॅन्टिलिव्हर, म्हणजे एका बाजूनेच धरलेली. ती आत घेतली, ग्रील लावली, टाइल्स एकसारख्या केल्या म्हणून तिचा हॉल होत नाही.

६ बाय अडीच बाय २ केलीत तर ८५० लिटर आणि सगळं धरून चौदाशे किलोच्या आसपास. हे सुद्धा कमी नाही, पण बीमच्या वर किंवा कॉलमच्या जवळ, भिंतीला लागून ठेवली तर बहुतेक नवीन आरसीसी बिल्डिंगमध्ये जमून जातं. "बहुतेक" म्हणतोय, तुमच्या बिल्डिंगचं मी कागद न बघता सांगणार नाही. सोसायटीच्या ऑफिसात स्ट्रक्चरल ड्रॉइंग असतं, नसेल तर बिल्डरकडे असतं, ते घ्या, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा आणि लेखी घ्या. फी जाते थोडी, पण सेक्रेटरी काका वर येऊन "हे काय चाललंय" म्हणाले की तोच कागद कामाला येतो. जुन्या नौपाड्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या लोड बेअरिंग, म्हणजे कॉलमऐवजी विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या बिल्डिंगमध्ये तर मी चार फुटाच्या वर हातच घालत नाही.

घोडबंदरचे बरेचसे नवीन टॉवर मिव्हानचे आहेत, म्हणजे भिंती विटांच्या नाहीत, काँक्रीटच्याच. टाकीला आधार म्हणून हे चांगलं, पण त्या भिंती स्ट्रक्चरचा भाग असतात, पाइप न्यायला तिथे कोअर कटिंग करायचं नाही. इंटिरिअरवाला "होऊन जाईल साहेब" म्हणेल. होऊन जाऊ देऊ नका. पाइप खिडकीच्या फ्रेममधून किंवा एसीसाठी आधीच ठेवलेल्या भोकातून काढायचे.

काचेबद्दल फार बोलत नाही. ६ फुटीला १५ एमएम, वरती युरो ब्रेसिंग (वरच्या काठाला आतून लावलेल्या काचेच्या पट्ट्या), पुढची एक काच लो आयर्न घ्या म्हणजे हिरवट झाक दिसत नाही, बाकीच्या साध्या चालतील. तळाची काच टफन्ड असेल तर तिला नंतर भोक पाडता येत नाही, फुटून भुगा होतो, त्यामुळे ड्रिलिंग आधी ठरवा. सिलिकॉन अँटीफंगल नको, बाथरूमसाठी जे विकतात ते नको. आणि एक, सहा फुटी तयार टाकी लिफ्टमधून उभी करून नेण्याचा उद्योग करू नका. मापात बसते कधीकधी, पण पावणेदोनशे किलोची टाकी जोडांवर ताण देत उभी आडवी करायची आणि मग तीच टाकी ८५० लिटर पाण्याने भरून झोपायला जायचं, ते मला पटत नाही. काचा सुट्या वर न्यायच्या, जागेवर चिकटवायच्या, निदान आठवडा सुकू द्यायच्या. घरात व्हिनेगरचा वास येतो तेवढे दिवस, वहिनींना आधी सांगून ठेवा.

स्टँड लोखंडी बॉक्स सेक्शनचं करणार असाल तर वेल्डिंगनंतर इपॉक्सी मारून घ्या, नुसता ऑइल पेंट मीठ खाऊन टाकतं. रबाळे-महापे एमआयडीसीत अॅल्युमिनिअम एक्सट्रूजनचे सेक्शन कापून मिळतात, माझी पसंती आजकाल तीच आहे, गंजायचा प्रश्न नाही आणि नंतर कप्पे हलवता येतात. बाहेरून सुताराकडून बीडब्ल्यूपी ७१० प्लायची शटर लावून घ्या पण मागची बाजू उघडी ठेवा, हवा खेळली पाहिजे.

आता सम्प, कारण फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर पाणी जातं ते नव्वद टक्के वेळा काच फुटून नाही, लाइट गेल्यामुळे जातं. सांगतो कसं. वरच्या टाकीतून पाणी ओव्हरफ्लोने खाली सम्पमध्ये येतं आणि रिटर्न पंप ते परत वर टाकतो. लाइट गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी थांबत नाही. ओव्हरफ्लोच्या काठापर्यंतचं पाणी खाली येतं, आणि रिटर्नचं तोंड जर पाण्यात बुडलेलं असेल तर तोच पाइप उलटा सायफन होऊन तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खेचत राहतो. ६ फुटी टाकीत एक इंच पाणी म्हणजे ३५ लिटर. तोंड दोन इंच खाली असेल तर ७० लिटर सम्पमध्ये जास्तीचे येणार, आणि सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर ते हॉलच्या लाकडी फ्लोअरिंगवर आणि मग सोळाव्या मजल्यावरच्यांच्या फॉल्स सीलिंगवर. काही जण पाइपला छोटं भोक पाडतात सायफन तोडायला. ठीक आहे, पण त्या भोकात शेवाळ आणि मीठ साचतं, सहा महिन्यांनी ते बुजलेलं असतं आणि कोणाच्या लक्षातही नसतं. त्यामुळे भोकावर भरवसा ठेवून सम्पचं माप काढायचं नाही, भोक बुजलंय असं धरूनच काढायचं.

म्हणून माझ्याकडे नियम आहे, पाणी भरून सगळं चालू झालं की मासा सोडाच, दगडही ठेवायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. सम्पच्या काचेवर मार्करने चालू पाण्याची रेघ मारायची आणि शेजारी स्टूल घेऊन बसायचं. पहिल्या मिनिटात पाणी जोरात चढतं आणि घरमालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो, मग वेग कमी होतो, मग पाइपातून गुरगुर असा आवाज येतो, हवा शिरली, सायफन तुटला, पाणी थांबलं. तिथे दुसरी रेघ मारायची. काठापासून किमान चार बोटं जागा राहिली पाहिजे. मग लाइट चालू करून परत तेच, लागोपाठ, कारण ओव्हरफ्लो परत चालू होताना हवा अडकते का तेही बघायचं असतं. ओव्हरफ्लोला तीन पाइप ठेवा: एक पूर्ण सायफनवर चालणारा गेट वॉल्व्हसह, दुसरा उघडा, जरासं पाणी घेणारा, तिसरा कोरडा, इमर्जन्सीचा. गेट वॉल्व्हच घ्या, बॉल वॉल्व्हने बारीक अॅडजस्टमेंट होत नाही. हे असं केलं की आवाज पण जवळजवळ नसतो, नाहीतर रात्री टीव्ही बंद केल्यावर घरात नळ चालू राहिल्यासारखं वाटतं.

चिल्लर. हा विषय इथल्या हवेमुळे वेगळा आहे आणि बाहेरचे व्हिडिओ बघून लोक फसतात. रीफला २५ ते २६ डिग्री पाहिजे, २७ पर्यंत चालवून घेता येतं. परदेशातले लोक सांगतात दोन पंखे लावा, पाणी उडतं आणि थंड होतं. बरोबर आहे, पण पंख्याने पाणी किती खाली येणार ते हवेतल्या दमटपणावर ठरतं. जुलैत खोलीत तीस डिग्री आणि दमटपणा पंच्याऐंशी टक्के असेल तर पंखा कितीही फिरवा, पाणी २८ च्या खाली येतच नाही, कारण हवा आधीच पाण्याने भरलेली आहे, अजून किती घेणार. मे महिन्यात तसंच. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते तेव्हा पंखा झकास काम करतो आणि चिल्लर जवळपास बंद राहतो. म्हणजे ठाण्यात पंखा हा दोन-तीन महिन्यांचा उपाय आहे. हजार लिटरच्या सिस्टिमला अर्धा एचपीचा चिल्लर धरा, पाव एचपीचा दिवसभर चालत राहील आणि तरी पुरणार नाही.

आणि तो ठेवायचा कुठे? खारघरला एका ठिकाणी सुंदर कॅबिनेट केलेलं, चिल्लर आतच, शटर बंद. चिल्लर पाण्यातली उष्णता काढून बाहेर फेकतो, ती कॅबिनेटमध्ये कोंडते, सम्पचं पाणी परत गरम होतं, चिल्लर आणखी चालतो. मला बोलावलं तेव्हा कॅबिनेटमध्ये हात घातला तर भट्टी, आणि पाणी २९ ला अडकलेलं. हॉलमध्ये उघडा ठेवला तरी ती उष्णता हॉलमध्ये येते आणि ती काढायला तुमचा एसी चालतो, म्हणजे एकाच उष्णतेचं बिल दोनदा. ड्राय बाल्कनीत ठेवा, वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि पाइपला एसीच्या तांब्याच्या नळीवर असतं तसं काळं नायट्राइल इन्सुलेशन घाला. लांब पाइपला पंप थोडा मोठा लागतो, तो हिशेब आधी करा.

वीज. लाइट अडीचशे वॉट नऊ तास, रिटर्न पंप साठ वॉट, दोन वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारे पंप) मिळून साठ, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) चाळीस, आणि उन्हाळ्यात चिल्लर साडेचारशे वॉट दिवसाला दहा तास धरला तर दिवसाला साडेदहा-अकरा युनिट, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. महावितरणचा स्लॅब ३०० ला बदलतो, तुमचं घराचं वापरणं मिळून तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाणार, तेव्हा नुसतं युनिट गुणिले जुना रेट करून बिल काढू नका. टाकीसाठी वेगळं सर्किट आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) हवीच हवी, यावर चर्चा नाही. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. आणि बोर्ड सम्पच्या वर नको, बाजूला. मिठाची वाफ पितळेचे पॉइंट हिरवे करून टाकते.

बॅकअप सगळ्याला द्यायचा नसतो. लाइट गेल्यावर सगळ्यात आधी संपतो तो ऑक्सिजन, म्हणून फक्त एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या, पाण्याचा वरचा थर हलत राहिला की पुष्कळ झालं. १५० एएचची एक बॅटरी तीस-चाळीस वॉटला दिवसभर सहज ओढते. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड फेल होऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे लाइट गेली होती तेव्हा ज्यांच्याकडे एवढी साधी सोय होती ते निवांत होते, बाकीचे बादलीने पाणी वरून ओतत बसले होते. टॉवरचा जनरेटर आहे म्हणून बेफिकीर राहू नका, तो बहुतेक वेळा लिफ्ट आणि जिन्याचे दिवे यासाठी असतो, फ्लॅटमध्ये एखादाच पॉइंट दिलेला असतो, तो कुठला ते शोधून काढा.

पाण्याचं. उरणला किंवा वाशी पुलाखाली जे आहे ते खाडीचं पाणी, गाळ, सांडपाणी, कारखान्यांचं काय काय, आणि पावसाळ्यात त्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा कुठल्या कुठे जातो. ठाणे खाडी फ्लेमिंगोंना मानवते, २०२२ मध्ये तिला रामसरचा दर्जाही मिळाला, पण फ्लेमिंगो चिखलातलं शेवाळ खातो, तुमच्या कोरलला ते झेपणार नाही. मीठ विकतचंच. पण त्याआधी गोडं पाणी शून्य टीडीएसचं, म्हणजे काहीही क्षार न विरघळलेलं लागतं, आणि इथे लोक म्हणतात घरात आरओ आहे की. स्वयंपाकघरातला आरओ मुद्दाम थोडे क्षार परत मिसळतो चवीसाठी, त्याचं पाणी पन्नास-शंभर टीडीएसला असतं. तुम्हाला वेगळा आरओ-डीआय लागेल, शेवटी रेझिनची नळी असलेला. घोडबंदरला तर नळाला कमी आणि टँकरला जास्त अशी परिस्थिती, टँकरचं पाणी कधी बोअरवेलचं असतं, मग मेम्ब्रेन आणि रेझिन दोन्ही भराभर संपतात. टँकर आला त्या दिवशी पाणी बनवायचं नाही, एवढा साधा नियम पाळला तरी रेझिन खूप टिकतं. वाया जाणारं पाणी लादी पुसायला ड्रममध्ये धरा. मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरण्यालाच सदतीस-अडतीस किलो. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो साध्या पाण्यावर शून्य न करता ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) सोल्युशनवर कॅलिब्रेट करायचा. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा, १.०२५-१.०२६.

आता कोरल, आणि हे नीट वाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ मध्ये सगळे दगडी म्हणजे हार्ड कोरल, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन आणि समुद्रघोड्यांसकट त्यांचं सगळं कुटुंब पहिल्या अनुसूचीत गेलं. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची. शिक्षा तीन ते सात वर्षं. सुधारित कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि त्यात परदेशी, म्हणजे साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांसाठी नोंदणीची भानगड वेगळी आली, आणि जगातले सगळे हार्ड कोरल त्या यादीत आहेत. दुकानदार हळूच म्हणतो "इम्पोर्टेड आहे साहेब, टेन्शन नाही". कागद मागा, मग बघा टेन्शन कोणाला येतं ते. मन्नारच्या आखाताकडून, लक्षद्वीपकडून आलेला "लाइव्ह रॉक" पण त्यातच, तो मुळात कोरलचाच सांगाडा असतो. मालवणला डायव्हिंगला गेलात आणि किनाऱ्यावर मेलेला कोरल सापडला तरी तो पिशवीत घालायचा नाही. मी हार्ड कोरलचं काम घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

त्याने टाकी ओकीबोकी होत नाही, घाबरू नका. झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप हे सगळे सॉफ्टवाले, निळ्या लाइटखाली असे चमकतात की पाहुण्यांना फरक कळत नाही. कागद मात्र यांचेही मागा, ती सवयच असू द्या. आणि खरं सांगू का, पहिल्या रीफला हेच बरे. हार्ड कोरल रोज पाण्यातला कॅल्शिअम आणि अल्कलिनिटी (पीएच सांभाळणारे कार्बोनेट क्षार) खातात, त्याला डोसिंग पंप, रोजची टेस्ट, सगळा संसार लागतो. सॉफ्टला आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बहुतेक भागतं. आकडे लक्षात ठेवा: अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शिअम ४२०, मॅग्नेशिअम १३०० च्या पुढे मागे, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, अल्कलिनिटी सोडून सगळे पीपीएममध्ये. पण आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर राहणं महत्त्वाचं. अल्कलिनिटी पडली तर चुन्याच्या निवळीने वाढवतात, ते खरं आहे, पण पानवाल्याच्या चुन्याची डबी आणू नका, शुद्ध कॅल्शिअम हायड्रॉक्साइड घ्या आणि थेंबथेंब, त्याचा पीएच बाराच्या वर असतो.

झोअँथिडबद्दल एक धोका. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. कापताना, दगड घासताना हातमोजे आणि चष्मा, आणि झोअँथिड लागलेला दगड स्वच्छ करायला कधीही उकळायचा नाही. वाफेतून ते घरभर पसरतं आणि अख्खं कुटुंब दवाखान्यात जातं, असं जगात खरोखर झालेलं आहे. पोरं टाकीत हात घालत असतील तर वर जाळी लावा.

दगड सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे बनवलेले घ्या, कोरडे. त्यात माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया बसवायला महिना-दीड महिना जातो. बाटलीतले बॅक्टेरिया आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत घालून बसायचं, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर यायला लागले की पुढे. मग टाकी घाण दिसायला लागते, आधी तपकिरी डायटम, मग हिरवं, मग लालसर चिकट सायनो (सायनोबॅक्टेरिया). या काळात सगळे घाबरतात, औषधं ओततात, फॉस्फेट शून्यावर नेतात आणि तिथेच डायनो (डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी बुळबुळीत थर) होतो, तो सगळ्यात चिवट. नायट्रेट-फॉस्फेट पूर्ण शून्य होऊ द्यायचं नाही, लाइट कमी तास ठेवायचा, गोगलगायी सोडायच्या आणि वाट बघायची. तीन-चार महिने टाकी अशीच दिसते. घरचे म्हणतील "यासाठी पाच लाख?"

मासे. क्लाउनफिश घ्याल तर हॅचरीतलेच घ्या, आपल्याकडे क्लाउनचं ब्रीडिंग व्यवस्थित होतं, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने क्लाउनची हॅचरी केलेली आहे, एक रविवार पोरांना घेऊन बघून या. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याहून पकडून आणलेले मासे घेतलेत तर आधी वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर ठेवा. पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, त्याला कॉपर लागतं आणि कॉपर मुख्य टाकीत घातलं की कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळं साफ. निळ्या टँग माशाच्या नादाला पहिल्या वर्षी लागू नका. आणि तुमची आई पहिल्या दिवशी विचारणारच की यातला खायचा कुठला, तयारी ठेवा.

अजून दोन गोष्टी हवेच्या. एसीमुळे घर बंद असतं, माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच ७.८ ला येऊन बसतो, लोक मग बफर (पीएच वाढवायची पावडर) ओतत सुटतात. स्किमरची हवा ओढायची नळी खिडकीबाहेर काढा, बऱ्याचदा पीएच दोन दिवसांत वर येतो. पण मग पावसाळ्यात पालिकेची डेंग्यूची धूर फवारणी येते, तेव्हा हीच नळी धूर आत खेचते. त्या फवाऱ्यात आणि झुरळांच्या स्प्रेत जी पायरेथ्रॉइड असतात ती कोळंबी-खेकड्यांना आणि माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. फॉगिंगचा आवाज आला की नळी चिमटा लावून बंद, खिडक्या बंद, आणि सम्पमध्ये कार्बनची पिशवी कायम. सतराव्या मजल्यावर धूर कमी पोचेल, पण पेस्ट कंट्रोलवाला घरात येतो तो कुठल्याही मजल्यावर येतोच. त्याला हॉल सोडून दे म्हणायचं.

पैशांचं एवढंच, पाच लाखांतले निम्मे काच, स्टँड आणि लाइटला गेले तर थांबा, वाटणी चुकतेय. मासे आणि कोरलला सुरुवातीला दहावा हिस्सासुद्धा ठेवू नका, वर्षभरात हळूहळू येतात. आणि काचवाल्याला अॅडव्हान्स इंजिनीअरचा कागद हातात आल्यावर.

गणपतीत गावाला जाता की नाही ते लिहिलं नाहीत, पण जात असाल तर आत्ताच विचार करा. टॉप-अपचं, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या जागी लागणारं गोडं पाणी आपोआप भरणारा सेन्सर लावा, पण त्याचा ड्रम एवढाच ठेवा की सेन्सर बिघडून सगळा ओतला गेला तरी सम्प भरून वाहणार नाही. पावसात पाणी कमी उडतं, त्यामुळे तीस लिटर चार-पाच दिवस निघतात, पुढे शेजाऱ्यांना भरायला सांगा. शेजारचे काका प्रेमाने येतात आणि प्रेमानेच मूठभर खाणं टाकतात, त्यामुळे अन्नाचा डबा कपाटात कुलपात ठेवायचा आणि औषधाच्या गोळ्यांची सात वारांची डबी मिळते ना, तिच्यात एकेका दिवसाचं खाणं मोजून भरून ठेवायचं. "काका, सोमवारी सोमवारचं" एवढं सांगून निघा.